गाणं संपेपर्यंत एक हार

गंगापूर रोडवर ज्यांच्याकडून मी रोज देवाला हार घेतो, त्या फुलवाल्या काकांचं आवडतं गाणं एकच. मोबाइलवर ते लावायचं आणि गाणं संपेपर्यंत एक हार ओवायचा, हा त्यांचा नेम. गायक मात्र रोज वेगळा.

"मूळ गाणं ते मूळच! ह्या नव्या पोराचं लय पळतं, हार आखूड होतो. त्या बाई आलाप घेतात, तेवढी चार फुलं जास्त बसतात."

आता हार बघूनच मला गायक ओळखू येतो.

काल मात्र हार नेहमीपेक्षा चांगला हातभर लांब निघाला. मी चक्रावलो. "आज कोण गायलं?"

काका चक्क लाजले. "मोबाइल घरी राहिला. मीच गायलो. मग मला थांबवणार कोण?"