निनावे सरांचा काठ

निनावे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका लग्नपत्रिकेवर नवरीच्या आजीचं नाव दुरुस्त करत होते. फोन सरांच्या बायकोचा, काकूंचाच होता. त्या रडत नव्हत्या. "सर गेले, पोरी," एवढंच म्हणाल्या, आणि जरा थांबून, "दुकान बंद करून येजो, घाई नको करू." समोर बसलेल्या गृहस्थांना मी आजीच्या नावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते विचारलं. त्यांनी सांगितली, मी ती घातली, प्रत काढून दिली... आणि मग शटर ओढलं. त्या पाच-सात मिनिटांत माझे हात इतके शांत कसे राहिले, याचं दीड महिन्यानंतरही मला वाईट वाटतं.

मोहाडीला तहसील कचेरीच्या पलीकडे माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, फलक, अर्ज, जे येईल ते. सर मला शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या तासाला पट्टी आणि खोडरबर दप्तरातून बाहेर काढायची सोय नव्हती. आठवीत मी चोरून पट्टी लावून क्षितिजाची रेघ ओढली, तर त्यांनी पट्टी काढून घेतली आणि सगळ्या वर्गाला उभं करून हातानं हवेत रेघा ओढायला लावल्या. स्वतः ते फळ्यावर एका दमात वर्तुळ काढायचे आणि ते जिथून निघालं तिथंच येऊन मिळायचं. म्हणून तीन वर्षांपूर्वी, निवृत्तीनंतर बऱ्याच काळानं, ते माझ्या दुकानात आले आणि उजवा हात खिशातून काढून त्यांनी काउंटरवर ठेवला, तेव्हा मला कुठं पाहावं कळेना. हात काचेवर टकटक वाजत होता. कंपवात असल्याचं निदान नागपूरच्या डॉक्टरांनी आदल्या वर्षीच केलं होतं. "हा आता माह्यं आयकत नाही," सर म्हणाले. "तू कॉम्प्युटरवर रेघा काढते ना? मले शिकव."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून एक साडी आणली. सरांच्या घरी पूर्वी हातमाग होते आणि त्यांची आई स्वतः विणायची. जन्मभर दुसऱ्यांसाठी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणल्या, त्यातून ही एकच तिनं स्वतःसाठी विणली आणि दोनदाच नेसली. करवतकाठी साडी... काठावर करवतीसारखे दात, एकापुढे एक, मागाचे तीन धोटे फिरवून विणलेले. घड्यांवर कापड चिरत चाललं होतं. नुसतं उचललं तरी बारीक तुसं गळायची. सरांना तो काठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक दात मोजून, जसाच्या तसा काढून ठेवायचा होता. मी म्हटलं, फोटो काढू. "फोटोत कोणता धागा कोणावर गेला ते नाही समजत," ते म्हणाले. मग मी त्यांना व्हेक्टरचं समजावलं... की हे सॉफ्टवेअर चित्राचे ठिपके लक्षात ठेवत नाही, रेघेचे बिंदू आणि दोन बिंदूंमधला बाक लक्षात ठेवतं, म्हणून चित्र कितीही मोठं केलं तरी रेघ फाटत नाही. सर पडद्याकडे वाकले. "आन् हात हालला तर?" मी सांगितलं, फक्त बिंदू हलेल, तो पुन्हा जागेवर आणता येतो. "मंग ठीक आहे," म्हणाले, आणि खांद्यावरची शबनम काढून खुर्चीला अडकवली.

दुपारी तीनला यायचे. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असतं. ज्यांच्यापुढे मान वर करायची माझी हिंमत नव्हती, त्यांचं मनगट धरून मी माऊस फिरवायला शिकवत होते. पहिले काही दिवस फार वाईट गेले. क्लिक करताना हात सरकायचा आणि सरळ बिंदूऐवजी बाक देणारा बिंदू पडून त्याच्या दोन्ही अंगांना दांड्या फुटायच्या. "या मिशा काहून आल्या पुन्हा?" ते वैतागायचे. शेवटी मी माऊसचा वेग कमी केला आणि बिंदू टाकून झाला की तो बाणाच्या बटणांनी एकेक पाऊल हलवायला शिकवलं. ते त्यांना जमलं. एका दाताला एक अख्खी दुपार लागायची, पण पुरा झालेला दात मोठा करून पाहिला तर रेघेत कुठं थरथर नसायची. केलेलं मागं घेण्याचं बटण त्यांना फार आवडलं. दिवसातून शंभरदा दाबायचे. "इतक्या वर्षांत मले कोणी मागं जाऊ देलं नाही," असं एकदा म्हणाले, आणि मग लगेच, जणू चोरी पकडली गेली, "लेकरायले नको सांगजो, मी खोडून राहिलो म्हणून."

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दीडेक वर्षानं भंडाऱ्यात हातमागाच्या कापडांचं एक प्रदर्शन भरणार होतं. आयोजकांपैकी कुणीतरी दुकानात सरांचं काम पाहिलं आणि प्रवेशद्वारावरच्या मोठ्या फलकाला चहूबाजूंनी तोच काठ द्यायचं ठरलं. सर खूश झाले. तोवर शंभरावर दात झाले होते. पण फलक छपाईला द्यायच्या वेळी सर औषध बदलायला नागपूरला गेले होते, आणि मी काठ लावायला बसले तर दात एकसारखे नव्हतेच. कुणी उंच, कुणी बसका, त्यामुळे कोपऱ्यांवर काही केल्या जुळेनात. मी एकच दात निवडला. सातवा. त्याच्या खांद्याला हलकासा कल होता, मोठा केल्यावर छान दिसत होता. त्याच्या प्रती काढून मी चारही बाजू भरल्या. दहा मिनिटांचं काम. यासाठीच तर हे सॉफ्टवेअर असतं, असंच मला वाटलं. सरांना विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी सर आणि मी बसनं भंडाऱ्याला गेलो. फलकासमोर लोक फोटो काढून घेत होते. सर काठाजवळ गेले, बोट न टेकवता खालून वर एकेक दात पाहत गेले, कोपऱ्यावर वळले, आणि तिथंच थांबले. कुणी हात मिळवला, कुणी कौतुक केलं, ते मान हलवत राहिले. परतीच्या बसनं वाटेतलं वरठी गाव मागं टाकलं. मग खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले,

"सातवा आहे ना तो?"

"हो सर. कोपरे जुळत नव्हते, म्हणून..."

"माह्यी धाकटी बहीण होती. सुमी. तापानं गेली. तिसऱ्या दिवशी माय मागावर बसली. तिथं तिचा धागा तुटला आन् दात कलला. तोच सातवा." बस गतिरोधकावरून गेली, त्यांनी समोरचा दांडा धरला. "तिनं तो उसवला नाही. मी इचारलं होतं, काहून नाही उसवला, तर म्हणे राहू दे. तू तोच शंभर बार लावला, पोरी."

मी माफी मागितली की नाही, तेही मला नीट आठवत नाही. बहुतेक नाहीच. ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. मोहाडी केवढी... तरी चार महिने मी त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून जाणं टाळलं. बाजारात काकू दिसल्या तर दुसऱ्या ओळीत शिरायची. राग त्यांना आला असेल, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे मला लाज वाटत होती आणि ती मी त्यांच्या रागाच्या नावावर टाकून मोकळी होत होते.

शेवटी काकूच दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाच्यानं जुना कॉम्प्युटर देला, पेनड्राइव्हमधला काठ त्यात टाकून देला. दिवसभर त्याच्यापुढं बसून राहतेत. आता बोटं बटणावर ठरत नाहीत. तुले बोलावू का म्हटलं, तर हो नाही म्हणेत, नाही बी नाही म्हणेत." मी त्याच दुपारी गेले. सर फार वाळले होते. बोलणंही पुटपुटल्यासारखं झालं होतं. मी दारातच म्हणाले, "सर, माझं चुकलं." त्यांनी बाजूच्या स्टुलाकडे मान केली. "बस. हा बिंदू वर ने."

त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागले. साडी त्यांच्या मांडीवर असायची, डाव्या हातात भिंग. ते सांगायचे आणि मी बटणं दाबायची. "डावीकडं... आनखी एक... बस. नाही, मागं." पुढे शब्द उमटेनासे झाले तेव्हा भुवया वर, भुवया खाली. दिवसाला एक दातही होत नव्हता. अर्धा काठसुद्धा झाला नव्हता आणि दोघांनाही ठाऊक होतं की तो होणार नाही. एकदा मी घाईनं एक दात सरळ करून टाकला, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थरथरत होता, पण मी मागं घ्यायचं बटण दाबेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

एप्रिलमध्ये ते अंगणातल्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात तीन आठवडे होते. गिळता येईना, अन्न छातीत गेलं, निमोनिया झाला. शेवटच्या भेटीत त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. बोटं चादरीवर हलत होती. मी त्यात काही अर्थ शोधू पाहिला, पण ती आजाराचीच हालचाल होती.

मी पोचले तेव्हा अंगणात तिरडी बांधून झाली होती. काकू आतून आल्या, त्यांच्या हातात तो अभ्रा होता. त्यांनी साडी काढली आणि पांढऱ्या कापडावरून सरांच्या अंगावर पसरली. एक घडी तिथंच तडकली, सुक्या पानासारखा आवाज झाला. मला कळत होतं काय चाललंय. न काढलेला अर्ध्याहून जास्त काठ त्या कापडात होता, दुसरीकडे कुठंही नव्हता. "काकू" म्हणायला मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनाही कळत होतं. त्या पुन्हा खाली वाकल्या आणि काठ सरांच्या छातीवर सारखा केला. मग पुरुषमंडळींनी तिरडी उचलली.

तेराव्यानंतर काकू दुकानात आल्या. "मले काही शिकायचं नाही," म्हणाल्या, "फक्त ते उघडणं शिकव." मी एका वहीत पायऱ्या लिहून दिल्या, पण त्यांना घरी एकटीनं उघडायचं नसतं. दर मंगळवारी दुपारी दुकानात येतात, मी माझ्याकडची प्रत उघडते, त्या चष्मा पुसतात, पडद्याखालची सरकपट्टी धरून काठ पहिल्यापासून पुढे पुढे नेतात. ओठ हलत असतात, दात मोजत असतात. शेवटचा दात अर्धा आहे. दोन बिंदूंनंतर रेघ उघडीच राहिली आहे आणि पुढं कोरा पांढरा पडदा. तिथं पोचल्यावर त्या खूप वेळ बसतात.

परवा त्यांनी विचारलं, "हा असाच अर्धा राहील का?"

मी म्हटलं, "बंद करता येईल, काकू. एक क्लिक लागेल." माझा हात माऊसकडे गेलासुद्धा होता.

"नको. इथवर ते होते," काकू म्हणाल्या. "तू नको काही करू. पाहू दे फक्त."

मी हात मांडीवर ठेवला. बाहेर कुणी झेरॉक्ससाठी हाका मारत होतं. मी उठले नाही.