पारोळ्याचा लेखक मी कसा मारला

एका धडधाकट माणसाला मी धुळ्यात साठ-सत्तर लोकांसमोर मारलं आणि वर टाळ्याही घेतल्या. आधी चहा संपवा, मग सांगतो. मध्येच ठसका लागायला नको.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. जळगावच्या एका कॉलेजात मी मराठी शिकवायचो. त्या उन्हाळ्यात पुण्याला तीन आठवड्यांच्या वर्गाला गेलो आणि डोक्यात नवी समीक्षा भरून आलो. तिचं सार असं, की मजकूर एकदा लोकांत गेला की त्याचा लेखक मेला. त्याला काय म्हणायचं होतं ते विचारूच नये. अर्थ वाचणारे घडवतात. पुण्यात हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ऐकतेय मी, पण हात चालू ठेवा, आणि सोलायच्या शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं.

आता मला असा मजकूर हवा होता, की ज्याचा लेखक कोणालाच ठाऊक नाही. तो रस्त्यातच सापडला. त्या वर्षी आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे एक ओळ दिसायला लागली होती : 'थांब ना भाऊ, मी बी येस'. म्हणजे मीपण येतो. आधी ट्रॉल्यांवर, मग रिक्षांवर, मग एसटीच्या सीटमागे. आमच्या परीक्षेच्या बाकावर कोणीतरी 'थांब ना भाऊ, मी बी नापास' असं कोरलं. चोपड्याकडे तर ती स्मशानाच्या भिंतीवर होती म्हणे. हल्ली तुमच्या फोनवर एकच चित्र शंभर तोंडांनी फिरतं ना, तसंच होतं ते. फक्त त्याला डिझेल लागायचं.

मी चौदा पानी निबंध लिहिला. 'भाऊ' म्हणजे सत्ता. 'मी' म्हणजे मागे टाकलेला समाज. 'थांब' म्हणजे सतत पुढे ढकलला जाणारा अर्थ. एकट्या 'बी'वर दोन पानं होती. काय समजायचं ते समजा.

धुळ्याला एका चर्चासत्रात तो वाचायला बोलावलं. मी रंगात आलो होतो. म्हणालो, "पारोळ्याच्या कोणा पेंटरनं ही ओळ पहिल्यांदा रंगवली असं सांगतात. पण मित्रहो, तो लेखक मेला आहे." आणि थांबलो. दारात चहाचा ट्रे घेतलेला शिपाई तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, बघा, विचार कुठवर पोचला!

नंतर चहा आलाच नाही. शोधल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर गार झालेला सापडला. शिपाई मात्र गायब. नारळ आणि टाळ्या घेऊन मी जळगावला परतलो.

चौथ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात एक माणूस उभा राहिला. पस्तिशीचा, उजवा हात गळ्यात अडकवलेला, शर्टावर रंगाचे डाग.

"सर, मी सुकलाल पेंटर, पारोळ्याचा. तुम्ही धुळ्याला सांगितलं ना, तो मेलेला मी."

मी त्याला बसवलं. मग सगळं कळलं. तो शिपाई सुकलालच्या बहिणीचा नवरा. ओळ कोणाची ते त्याला पक्कं माहीत. तो तसाच घरी गेला आणि बायकोला, म्हणजे कमलअक्काला, म्हणाला की जळगावच्या प्रोफेसरांनी भरसभेत जाहीर केलंय. शिकलेला माणूस असं खोटं कशाला बोलेल? अक्का दोन शेजारणींना घेऊन, रडत रडत, मिळेल त्या गाडीनं पारोळ्याला आली.

सुकलाल तेव्हा बाजारात शिडीवर चढून खताच्या दुकानाची पाटी रंगवत होता. खालून बहीण रडत चाललेली दिसली. दाजींचंच काही बरंवाईट झालं असं त्याला वाटलं, आणि वरूनच त्यानं हाक मारली, "अक्का, काय व्हयनं?" अक्कानं वर पाहिलं आणि रस्त्यातच कोसळली. हा घाईनं उतरायला गेला, शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या आणि मनगट मोडलं.

तो माणूस भांडला असता तर बरं वाटलं असतं. पण तो भांडायला आलाच नव्हता. म्हणाला, "मी कसा मेलो तेवढं सांगा. अक्का रोज विचारते."

मी अर्धा तास समजावलं. त्यानं सगळं मन लावून ऐकलं, वर्गातल्या कोणत्याही पोरापेक्षा जास्त. मग म्हणाला, "म्हणजे माझं लिहिलेलं लोकांचं झालं. पटलं, सर. पण त्यासाठी मी मरायची काय गरज होती?"

याचं उत्तर पुण्यात कोणी दिलं नव्हतं.

शेवटी चाचरत विचारलं, त्या ओळीचा अर्थ काय? तो हसायला लागला. गावातल्या एकाच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडणारी पिन निसटली होती. ट्रॅक्टरवाला गाणं म्हणत दोन मैल पुढे गेला आणि कापसानं भरलेली ट्रॉली मागे रस्त्यातच उभी राहिली. लोक त्याला फार चिडवायला लागले, तेव्हा त्यानंच सुकलालकडून ट्रॉलीमागे ही ओळ लिहून घेतली.

"ट्रॉली ट्रॅक्टरला म्हणतेय, सर."

माझ्या चौदा पानांत पिन हा शब्द कुठेही नव्हता.

रविवारी मी सुकलालबरोबर अक्काची माफी मागायला धुळ्याला गेलो. अक्कानं गल्ली जमवून ठेवली होती. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं मला विचारलं, "मना भाऊ जित्ता शे ना? मंग बठ्ठास्ले सांगा."

मी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, की लेखक जिवंत आहे. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. अक्का डोळे पुसत आत गेली आणि मला भरीत-भाकरी वाढून आणली. मी जेवत असताना म्हणाली, आता हे छापूनही आणा, छापलेलं लोक मानतात.

शब्द दिला होता. निबंध एका त्रैमासिकाला पाठवला, तेव्हा खाली तळटीप घातली : 'सदर ओळीचे लेखक श्री. सुकलाल पेंटर हयात असून पारोळ्यात राहतात.' संपादकांचं पत्र आलं, की तळटीप खरी असेल तर निबंध खोटा ठरतो, दोन्हींपैकी एक काढा.

मी निबंध काढला.

संपादक भले गृहस्थ. त्यांनी शेवटच्या पानावर तळाशी माझ्या नावानं तेवढी एक ओळ छापली. माझं छापून आलेलं संशोधन म्हणाल तर तेवढंच. आणि सांगायला हरकत नाही, ते आजवर कोणाला खोडता आलेलं नाही.