ताटीपलीकडचे सर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला सांभाळून घ्या. पण "करणारी मागे!" ही सरांची हाक अजून कानात आहे, म्हणून लिहिते.

शेजारचे सर रेल्वेतून रिटायर झालेले. उन्हाळ्यात मॅट्रिकला इंग्रजीत राहिलेल्या पोरींना घरीच शिकवत. त्यांत माझी शकू होती. दाराला वाळ्याची ताटी असे. तिच्यावर पाणी मारायला मी बाहेर बसायची. ओल्या वाळ्याच्या वासात आतले शब्द झोपेतल्यासारखे ऐकू यायचे.

सर पोरींनाच वाक्यात उभं करत. एक आंबा हातात धरून आंबा व्हायची, दुसरी खाणारी. आधी खाणारी पुढे. मग सर टाळी वाजवत, "आता आंबा पुढे, करणारी मागे!" दोघी जागा बदलत. कोणी केलं त्यापेक्षा काय झालं हे सांगायचं असलं की इंग्रजीत वाक्य असं फिरवतात, एवढं मला बाहेर बसून कळलं. एकदा आंबा झालेल्या पोरीनंच आंबा खाऊन टाकला.

"सर, आंब्यानं आंबा खाल्ला!"

सर हसून हसून खालीच बसले. शकूला मात्र मागे उभं राहणंच आवडे. माझीच लेक.

ऐन मे महिन्यात शकूचे बाबा आरागिरणीतून आले नि म्हणाले, "उद्यापासून शिकवनी बंद. सोयरीक ठरली." शकू चुलीपाशी रडत राहिली. मी भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात सर दारात उभे. डोक्यावर ओला दुपट्टा.

"पोरगी काहून नाही आली गा?"

"सोयरीक ठरली तिची," शकूचे बाबा म्हणाले.

"कोनं ठरवली?"

"म्याच ठरवली. अजून कोन ठरवन?"

"मंग थांबवू बी तूच शकतं. ऑक्टोबरची परीक्षा होऊ दे."

शकूच्या बाबांना हसू आलं. "भल्ले जिद्दी हा सर तुमी. पानी त प्या."

सोयरीक परीक्षेपर्यंत थांबली. थंडीत निकाल लागला. शकू पास झाली. तोवर सरांना भाच्यानं सावनेरला नेलं होतं. आम्ही दोघी बसनं गेलो. सर खाटेवर पडून होते, ओळख पुसट झालेली. शकू कानाशी म्हणाली, "सर, मी पास झाली."

ते वर छपराच्या कवेलूंकडे पाहत राहिले. मग भिंतीकडे सरकले आणि हातानं गोधडी सारखी करून जागा केली. "बस वं."

मी दारातच होते. "तू बी ये वं, बाई."

आम्ही दोघी बसलो. बाहेर कोणी कापूस पिंजत होतं. ते ऐकता ऐकता सर झोपले. आमची ती शेवटची भेट.