हौदातला गाळ

"जिथला जीव तिथंच परत गेला पाहिजे," असं इचरजबाई एकदा म्हणाल्या होत्या. पाणी गाळून झालं की कपड्यावर उरलेले बारीक जीव त्या परत विहिरीत सोडत. त्यांच्या जैन घरातली ती रीत होती. नवऱ्यामागं जालन्यातलं तेलाचं दुकान त्यांच्याकडं आलं, तेव्हा त्यांनी तीच रीत तेलालाही लावली. गिऱ्हाइकाला द्यायचं शेंगदाण्याचं तेल कपड्यातून गाळायचं, आणि कपड्यावरचा ओलसर गाळ तेल साठवायच्या दगडी हौदात परत सोडायचा. दाण्यातला एखादा किडा त्यात असला, तर तो आपल्या जागी राहील. हौद त्यांनी कधी तळापर्यंत उपसू दिला नाही.

निजाम जाऊन आठेक वर्षं झाली असतील. त्या पावसाळ्यात तेल खवट निघायला लागलं.

"काकी, पोराच्या डोक्याला लावलं तर शेजारीन म्हन्ती, घरात उंदीर मेलाय का बघा!" झुंबरबाई भर दुकानात म्हणाली. बायका हसल्या. इचरजबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी तेल दोनदा गाळायला घेतलं, आणि गाळही दोनदा परत सोडला. वास वाढला. झुंबरबाई समोरच्या दुकानात जायला लागली, मग तिच्यामागं बाकीच्या.

दिवाळीला पुतण्या जुगलकिशोर हैदराबादहून आला. तो तिथं रसायनशास्त्र शिकत होता. त्यानं हौदात काठी घातली. ती तळाला टेकायच्या आत रुतली.

"काकी, ह्या गाळात पाणी साठलंय. त्यात जीव वाढलेत, डोळ्याला न दिसणारे. आपल्या पोटात रस सुटतो ना अन्न पचवायला, तसा त्यांच्या अंगातून सुटतो. तो तेल फोडतो. म्हणून हा वास."

"किती असतील?"

"जालन्यात माणसं नाहीत, तितके ह्या एका वाटीत." तो हसला. "तुम्हीच पोसलेत."

इचरजबाईंनी हात पदराखाली घेतला.

त्यानंतर त्यांना गल्लीत कुठं कढई चढली की कळायचं. फोडणीचा चर्र आवाज आला की त्या डोळे मिटून घेत. आपण विकलेलंच तेल, त्यातलेच जीव. घरच्या जेवणात त्यांनी तेल सोडलं, पण दुकान सोडता येत नव्हतं. आणि दुकान म्हणजे तो हौदच. त्या दुपारी झाकण सरकवून आत बघत बसायच्या. आत काही हलत नव्हतं. न हलण्याचीच त्यांना धास्ती वाटायची.

जुगलकिशोर परत जायच्या आधी नवं तेल आलं, तेव्हा ऊन चढलं होतं. टेंभुर्णीच्या कचरूची बैलगाडी तेलाची पिंपं घेऊन दारात उभी राहिली. जुगलकिशोरनं हौद गाळापर्यंत उपसून घेतला होता, आणि हमाल पुंजाराम मागच्या अंगणात हौद धुवायला सोडा टाकून पाणी उकळत होता. तळाचा थर दगडाला तसाच चिकटलेला होता.

"त्याला उन्हात वाळू दे," इचरजबाई म्हणाल्या.

"वाळले तरी मरतीलच, काकी."

"मग झाकून ठेव. नवं तेल नको ओतू."

"उपाशी मरतील. आणि आपणही."

बाहेरून कचरू ओरडला, "ओ काकी, बैलं तापून राह्यले! तेल उतरू का माघारी नेऊ? समोरचं दुकान घ्यायला तयार हाय."

"तुम्ही हात लावू नका," जुगलकिशोर हळू आवाजात म्हणाला, "पुंजाराम ओतेल."

"करणं आणि करवणं, पाप एकच."

"मग नुसतं बरं म्हणा."

"बरं म्हणणंही तेच रे, जुगल."

पुंजाराम वाफाळणारा हंडा धरून दारात आला. "काकी, जल्दी सांगा. हात पोळून राह्यले. टाकू का न्हाई?"

तिघेही त्यांच्याकडं बघत राहिले. इचरजबाईंनी हौदात पाहिलं, हंड्याकडं पाहिलं. त्यांचे ओठ किंचित हलले, मग घट्ट मिटले. त्या बैठकीवरून उठल्या, गाडीच्या बाजूनं वाट काढली आणि निघून गेल्या.