आबांच्या गुडघ्याचा वायदा

एकादशीला, ताटात साबुदाण्याची खिचडी असताना, बोकडाच्या गुडघ्याची गोष्ट काढू नये हे मला पन्नाशीतही कळलं नव्हतं. कळस गावी थोरल्या चुलत्यांकडे, म्हणजे आबांकडे, फराळाला बसलो होतो. एक मऊ दाणा चिमटीत धरून मी सगळ्यांसमोर फिरवला. "बारामतीच्या प्रयोगशाळेत आम्ही असले मणी करतो. शेवाळातून काढलेली पूड, जिलेटिन, पाणी. आत बोकडाच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या मऊ हाडाच्या, जिवंत पेशी. मणी हळूहळू विरघळतो आणि पेशी आपली नवी कूर्चा विणत जातात."

काकूंनी ताट बाजूला सारलं. आबांचा हात मात्र थांबला. "म्हंजी गुडघा उगवतोय?"

खरं उत्तर 'नाही' होतं. पण समोर आठ माणसं, आठांचेही डोळे माझ्यावर.

"उगवतोय," मी म्हणालो.

महिन्याभरानं आबांच्या मुलाचा भवानीनगरहून फोन आला. तो तिथं कारखान्यात आहे. "तू काय सांगितलंस रं त्यांना? गुडघ्याचा सांधा बदलायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, ती मोडली. म्हणत्यात, पुतण्या जिता गुडघा देतोय, लोखंडाचा कशाला. अन् तिकडं घरात उंबरा वलांडायला भिंत धरत्यात."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. पेशींची उबदार पेटी मी तासातासाला उघडून बघायचो. आमच्या विभागातल्या मॅडमनी शेवटी तिची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "सर, दार उघडून त्या लवकर वाढत नाहीत. गार मात्र पडतात." मग मी व्हरांड्यात फेऱ्या मारायचो. फोन उचलायचो, ठेवायचो. भर सभेत तासभर माणसं हसवणारा मी, एका म्हाताऱ्याला सांगायचं एक वाक्य आठ दिवस जुळवत होतो.

ते काही जुळलं नाही. शेवटी आबांनाच गाडीत घालून बारामतीला आणलं. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडली, तसा मी शिट्टी वाजवू लागलो, काच खाली-वर करू लागलो. आबा पाय ताठ ठेवून बसले होते.

मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"ही हिरवी टिपकी?" आबांनी विचारलं.

"जिवंत पेशी. रंग घातलाय म्हणून दिसतात," मॅडम म्हणाल्या.

"अन् मणी इरघळणार. खतासाठी ताग गाडतो तसं. त्यो कुजायचा, फुडचं पीक जोमात." ते खूश झाले. "मग माझा कवा?"

"आबा, हे अजून बशीतच जगतंय. माणसाच्या गुडघ्यात कधी जाईल, मला माहीत नाही. तुमच्यासाठी नाही होणार. मी त्या दिवशी वाढवून बोललो."

"किती वाढवून?"

"पुष्कळ."

त्यांनी डोळा भिंगावरून काढला. "तुझा बापबी थापा मारायचा, लेका. पण बैलाच्या, विहिरीच्या. त्यात कुणाचा पाय न्हवता." काठी टेकवत ते उठू लागले. मी हात पुढं केला. तो न धरताच उठले. दारात म्हणाले, "लाव डॉक्टरला फोन. अन् तूच चल संगं."

डॉक्टरांनी एक्स-रेची जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी धरली. "बरंच झिजलंय. इतके दिवस का थांबलात?"

आबांनी काठीचं टोक माझ्याकडं वळवलं. "ह्यो सांगंल. बोलायची लई हौस हाय त्याला."

मी दोन वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांनी वर पाहिलं नाही. ऑपरेशनला सोमवार चालेल का, एवढंच आबांना विचारलं.