सहावा वॉशर

मिस्त्री निवृत्त झाला त्याला चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत त्याने घरातल्या प्रत्येक बिजागरीला इतकं तेल पाजलं होतं, की कुठल्याच दाराची कुरकुरायची हिंमत होत नव्हती. बायको म्हणायची, "आता माझ्या गुडघ्यांतही थोडं सोडा, म्हणजे तुमचं सगळं करून झालं." अशा माणसाच्या लेकीच्या ट्रकचे, इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले, तेव्हा त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याला आनंद झाला, आणि तो लपवण्याइतकी अक्कलही त्याच्यापाशी नव्हती.

लेक स्वतःच ट्रक चालवायची. गाडी चढाला मान टाकत होती, पांढरा धूर ओकत होती. तिने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दिवस ठरवलाही होता.

"माझ्या हयातीत तू त्या काचेच्या केबिनवाल्यांकडे जाणार?" मिस्त्रीने विचारलं.

"बाबा, मला उद्या चारच्या ठोक्याला हॅचरीत पोचायचंय. पहिलीच फेरी आहे. कोंबडीची एका दिवसाची पिल्लं, वाटेत ना दाणा ना पाणी. गाडी दारात नसली तर ते दुसऱ्याची बोलावतील, आणि मग ते काम कायमचं त्याचंच."

"उद्या एक वाजता गाडी तुझ्या हातात."

"नक्की?"

"अगं, तू रांगत होतीस तेव्हापासून मी इंजिनं उघडतोय."

तिने वर्कशॉपला फोन करून दिवस रद्द केला. चार वाजता पोचण्याची जबाबदारी आता मिस्त्रीच्या गळ्यात होती, आणि ती त्याने स्वतः मागून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पंपवाला आला. हा मिस्त्रीचा जुना सोबती. पूर्वी त्याच्याच हाताखाली होता, आता डिझेल पंपांचं स्वतःचं दुकान चालवायचा. सहा नवे इंजेक्टर तपासून घेऊन आला आणि उलट्या क्रेटवर ठाण मांडून बसला.

मिस्त्रीने आधी हवेच्या नळीने इंजिनाचं हेड साफ केलं, कारण इंजेक्टर निघाला की भोकातून थेट सिलिंडरमध्ये कचरा जातो. मग डिझेलचे पाईप सोडून त्यांची तोंडं बांधली. पहिले दोन इंजेक्टर बऱ्या बोलाने निघाले. तिसरा हटून बसला. मिस्त्रीने डिझेल सोडलं, टकटक केलं, दहा मिनिटं वाट पाहिली, ठेवणीतल्या शिव्या काढल्या. साडेदहाला तो निघाला. पंपवाल्याने तो तपासणीच्या हातपंपावर लावून दाबला.

"हा फवारा म्हणायचा? याला सर्दी झालीय," तो म्हणाला.

प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा एक वॉशर असतो. बहुतेक वेळा तो इंजेक्टरबरोबर वर येतो, कधी काजळीत चिकटून आतच राहतो. म्हणून जुने वॉशर झाकणात ओळीने मांडायचे आणि मोजायचे. किमान चाळीस माणसांना मिस्त्रीने हे शिकवलं होतं. उरलेले तीन इंजेक्टरही निघाल्यावर त्याने वॉशर मोजले. पाच भरले.

"सहावा?" पंपवाल्याने विचारलं.

"पडला असेल खाली."

"आत असेल."

"माझ्या हातून आत राहील?"

तरी मनात पाल चुकचुकलीच. त्याने तिसऱ्या भोकावर दिवा धरला. काळ्या भोकात काळंच दिसलं. तार घालून चाचपायला दोन मिनिटं लागली असती, पण ती पंपवाल्यादेखत घालावी लागली असती. मिस्त्रीने नवा वॉशर चढवला, नवा इंजेक्टर बसवला आणि पुढे सरकला.

एकला पाच मिनिटं कमी असताना त्याने पाइपांमधली हवा काढली आणि छाती काढून लेकीला म्हणाला, "मार सेल्फ."

इंजिन सुरू झालं. धूर नव्हता. पण एक नवाच आवाज होता. फस्, फस्, फस्.

"नवा माल भिकार असतो हल्ली," मिस्त्री म्हणाला.

"माझ्या बेंचवर तपासलाय," पंपवाला म्हणाला.

"मग हिने डिझेल कुठलंतरी भरलं असेल."

"बाबा!"

त्याने तिसऱ्या इंजेक्टरभोवती चमचाभर डिझेल ओतलं. ते उकळल्यासारखं बुडबुडू लागलं. दाब तिथूनच निसटत होता. जुन्या वॉशरवर नवा बसला की इंजेक्टर उंच राहतो आणि असंच होतं, हे झोपेतून उठवलं असतं तरी मिस्त्रीने सांगितलं असतं. तरीही तो टॉर्च घेऊन ट्रकखाली शिरला आणि वॉशर जमिनीवर सापडावा म्हणून ओणवा फिरला. एक नट सापडला, एक बाटलीचं झाकण सापडलं. लेकीचे बूट टायरपाशी येऊन थांबले.

"काय शोधताय?"

"काही नाही."

बाहेर आला तर पाना पंपवाल्याच्या हातात. तो देईना. मिस्त्रीच्या जुन्या वर्कशॉपात एक रिवाज होता, आणि तो त्यानेच पाडला होता: ज्याला काम पुन्हा उघडायचंय, त्याने आधी सगळ्यांदेखत आपण काय केलं ते मोठ्याने सांगायचं. त्याशिवाय पाना मिळायचा नाही. केस पिकलेल्यांनाही त्याने सोडलं नव्हतं.

"वॉशर आत राहिलाय," मिस्त्री पुटपुटला.

"ते वॉशरचं झालं. तू काय केलंस?"

"अरे, पिल्लं ताटकळतील!"

"मला बावीस जणांसमोर बोलायला लावलंस तेव्हा बाहेर गिऱ्हाईक ताटकळत होतं."

मिस्त्रीने लेकीकडे न बघता सांगितलं. "पाचच मोजले. सहावा आत असणार हे मला कळत होतं. याच्यासमोर शोभा होईल म्हणून तार घातली नाही."

लेकीने घड्याळ पाहिलं. "इथून तासाभराची वाट आहे. तीनला निघायलाच हवं. किती वेळ लागेल?"

"सव्वा तास. या खेपेला खरा."

"पाईप मी सोडते. तुम्ही तार शोधा."

तारेच्या टोकाचा आकडा करून मिस्त्रीने त्याला ग्रीस फासलं, म्हणजे काजळी त्याला चिकटेल, खाली पडणार नाही. चौथ्या खेपेला वॉशर वर आला, कोळशासारखा काळा. मिस्त्रीने तो झाकणात टाकला आणि सहाही पुन्हा मोजले, मोठ्याने. आवळायच्या वेळी त्याचा खांदा भरून आला होता. त्याने पाना लेकीच्या हातात दिला आणि स्वतः दिवा धरला, तोही तिने दोनदा सरळ करून घेतला.

तीनला दहा मिनिटं असताना इंजिन सुरू झालं. फसफस गेली होती. लेक हात न धुताच निघाली.

चार वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला.

"पोचले. भरतायत."

"इंजिनाचा आवाज कसा आहे? फोन धर जरा तिकडे."

तिने धरला. मिस्त्रीने डोळे मिटून कान लावला. हजारो पिल्लांच्या चिवचिवाटाखेरीज त्याला काहीही ऐकू आलं नाही.

"सहाही व्यवस्थित चालतायत," तो म्हणाला.

"बाबा, इंजिन बंद आहे," लेक म्हणाली. "ठेवते."