कार्ड बरोबर रकान्यात होतं

हे मी आजपर्यंत कोणाशी बोललेले नाही. नवऱ्याशी नाही, बहिणीशी नाही. तुमच्याशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखत असतात तरी आता बोललेच असते, असं वाटतं.

आधी एक सांगते. मी माझ्या कामात चांगली आहे. उगाच नम्रपणा दाखवून गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल. नाशिकमध्ये लिफ्टच्या देखभालीची एक कंपनी आहे, तिथलं सगळं कामकाज मी बघते. शहरभरातल्या सोसायट्या आणि दवाखाने आमच्याकडे आहेत. कुठे दार अडकतं, कुठे लिफ्ट मधेच थांबते. मी आले तेव्हा हा सगळा पसारा एका वहीवर आणि कांचनताईंच्या डोक्यावर चालायचा.

कांचनताई फोनवर बसायच्या. पन्नाशीच्या, मूळच्या नांदगावच्या, सोळा वर्षं त्याच खुर्चीत. तक्रार आली की वहीत लिहायच्या, मग त्या भागातल्या मेकॅनिकला फोन करायच्या, अर्ध्या तासाने पुन्हा फोन करून तो पोचला का विचारायच्या. कोणत्या सोसायटीचा वॉचमन खोटं बोलतो, कोणत्या आजी उगाच घाबरतात – सगळं पाठ. पद्धत हळू होती, पण चालत होती. मला ती लाजिरवाणी वाटायची. का वाटावी? तेव्हा हा प्रश्न पडला नाही.

मी कंपनीत कामांचा बोर्ड आणला. कॉम्प्युटरवर रकाने – नवीन तक्रार, तातडीचं, काम चालू, झालं. प्रत्येक तक्रारीचं एक कार्ड. आणि त्या बोर्डाला मी एक ऑटोमेशन जोडलं. तातडीच्या रकान्यात कार्ड पडलं, की त्या भागातल्या मेकॅनिकच्या मोबाइलवर आपोआप निरोप. कोणी फोन करायचा नाही, कोणी विसरायचं नाही. मी स्वतः शिकून, स्वतः जोडून, पंधरा दिवसांत उभं केलं. पहिला निरोप जेव्हा आपोआप गेला, तेव्हा झालेला आनंद मला आजही आठवतो. तो खरा होता. त्याबद्दल मला काही कबूल करायचं नाही.

कांचनताई मात्र कार्ड टाकून वर फोनही करायच्या. सवयच तशी. मेकॅनिक वैतागले – एकाच कामाचे दोन निरोप. म्हणून मी एका सोमवारी मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं, "ताई, आता फोन करायचा नाही. कार्ड टाकलं की तुमचं काम संपलं. यंत्रणेवर विश्वास ठेवा." दोन-तीन जण हसले. त्याही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोन बंद केला. वहीसुद्धा मी कपाटात ठेवायला लावली.

हे लक्षात असू द्या. मी मुद्दाम आधी सांगतेय, नाहीतर पुढे गेल्यावर मीच ते गाळीन.

एप्रिल महिना होता. सकाळी दहाच्या सुमारास मी बोर्ड आवरत होते. 'तातडीचं' हे नाव मला मोघम वाटलं, म्हणून मी ते बदलून 'तातडीचं – लिफ्ट बंद' केलं. छान दिसायला लागलं. पण ऑटोमेशनच्या नियमात रकान्याचं जुनं नाव मी हातानं टाइप करून ठेवलेलं होतं. नियम 'तातडीचं' शोधत राहिला, आणि त्या नावाचा रकाना आता कुठेच नव्हता. इतकंच. चार-पाच सेकंदांचं काम, आणि ते माझं काम.

अकरा वाजून वीस मिनिटांनी इंदिरानगरच्या एका सोसायटीतून फोन आला. अहिरे काका – निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले, मधुमेह असलेले – तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे एकटे अडकले होते. फोन त्यांनी स्वतःच, लिफ्टमधून केला होता. कांचनताईंनी कार्ड टाकलं. बरोबर रकान्यात. काकांना म्हणाल्या, "माणूस निघालाय, घाबरू नका." कारण मीच तसं शिकवलं होतं ना? कार्ड पडलं म्हणजे माणूस निघाला.

निरोप गेलाच नाही. आणि तो गेला की नाही हे कार्डावर दिसायची सोय मी केलेली नव्हती.

पाऊण वाजायच्या आत काकांनी आणखी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा ताई म्हणाल्या, येतोच आहे. तिसऱ्या वेळी त्यांना काकांचं बोलणं अडखळल्यासारखं वाटलं. त्यांनी माझी सूचना मोडली आणि मेकॅनिकला, संदीपला, स्वतः फोन लावला. तो दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या लिफ्टचं काम करत होता. "मला मेसेजच नाय आला, ताई," म्हणाला, आणि पळत गेला. काकांना बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते. दवाखान्यात न्यावं लागलं. वाचले. पण हे सगळं कळायला दुपार झाली, आणि तोपर्यंत ऑफिसात एकच प्रश्न होता – निरोप का गेला नाही?

मला अर्ध्या मिनिटात कळलं. ऑटोमेशन उघडलं, तर अकरा वीसची नोंद समोरच होती – अट जुळली नाही, थांबवलं. नियमात नवीन नाव टाकलं, चाचणी घेतली, निरोप गेला. मग ती नोंद मी पुसून टाकली.

घाबरले होते का? हो, पण अगदी शांतपणे केलं, जसं मी प्रत्येक काम करते. पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. त्या यंत्रणेच्या आत काय चालतं हे ऑफिसात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं, आणि मी कळू दिलंही नव्हतं.

सरांनी – म्हणजे आमच्या मालकांनी – केबिनमध्ये बोलावलं. कांचनताई, मी आणि ते. त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "सर, सिस्टम व्यवस्थित आहे, आत्ताच तपासली. कार्ड तातडीत पडलंच नव्हतं. नवीन तक्रारीत पडलं होतं, मी आत्ता हलवलं."

कांचनताईंनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मी तर तातडीतच टाकलं होतं."

मी सरांकडेच बघत राहिले.

"म्हणजे… टाकलं होतं असं वाटतंय मला." मग सरांकडे वळून, "घाईत झालं असेल, सर. माझ्याकडून."

तुम्ही कधी एखाद्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडताना बघितलाय? सोळा वर्षं या बाईंच्या हातून एक तक्रार हरवली नव्हती. माझ्या दोन वाक्यांनी त्यांनी स्वतःचा हात, स्वतःचे डोळे खोटे ठरवले.

सर त्यांना बोलत राहिले. एवढा वेळ फोन का केला नाही, अक्कल नाही का, म्हणाले. मी वाट बघत होते – आता त्या म्हणतील, मॅडमनीच फोन करू नका सांगितलं होतं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. त्या म्हणाल्याच नाहीत. खाली मान घालून उभ्या राहिल्या. काकांचा जीव ज्या एका फोनमुळे वाचला, तो फोन त्यांनीच केला होता, हे त्या केबिनमध्ये कोणी बोललं नाही. मीसुद्धा.

सरांना त्यांना काढायचंच होतं. मी मधे पडले. म्हणाले, "काढू नका सर, आपल्या सिन्नरच्या सुट्या भागांच्या स्टोअरला द्या. तिथे फोनचा संबंध नाही." सरांनी ऐकलं. ऑफिसात सगळे म्हणाले, मॅडमचं मन मोठं आहे. तेव्हा मला वाटलं, मी त्यांच्यासाठी निदान एवढं तरी केलं. खरं म्हणजे त्या समोर नको होत्या.

तीन दिवसांनी आम्ही दोघी अहिरे काकांच्या घरी गेलो, कंपनीच्या वतीने माफी मागायला. काका घरी आले होते, पलंगावर बसून होते. ताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "काका, चूक माझी होती." काकांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "आवाज ओळखला मी तुमचा. तुम्ही म्हणत होतात, माणूस निघालाय. मी त्या आवाजाच्या भरवशावर उभा होतो." रागाने म्हणाले नाहीत, त्यामुळे ते जास्त लागलं असणार. ताई रडल्या. मी शेजारी बसून, पुढे केलेला चहा घेतला. तो प्याले. तिथे एक वाक्य पुरे होतं. रकान्याचं नाव मी बदललं. पाच शब्दसुद्धा नाहीत.

काका पाचव्या मजल्यावर राहतात. त्या दिवसानंतर ते लिफ्टमध्ये चढलेले नाहीत. गुडघे जिन्याला तयार नाहीत, म्हणून खाली येणंच बंद झालं. संदीप तिथे सर्व्हिसिंगला जातो, तो सांगतो – काका गॅलरीत बसलेले असतात.

आणि ताई? रोज नाशिकहून सिन्नरला एसटीने जायच्या. तिथला स्टोअरकीपर एकदा मला हसत म्हणाला, "मॅडम, त्या ताई एकाच बॉक्समधला माल तीन-तीनदा मोजतात. मग मला मोजायला लावतात. म्हणतात, माझ्यावर नका राहू." मीही हसले फोनवर. सात-आठ महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. कारण लिहिलं होतं, घरगुती.

माझं चांगलं चाललं. ते ऑटोमेशन मी नंतर पक्कं केलं – निरोप गेला नाही तर दोन मिनिटांत तीन माणसांना कळतं, आणि तातडीच्या कार्डावर फोनही करायचाच असा नियम आहे. आज ती व्यवस्था खरोखर उत्तम आहे. बाहेरच्या कंपन्या मला बोलावतात, बोर्ड आणि ऑटोमेशन कसं जोडायचं ते समजावून सांगायला. मी सांगते, नियमात रकान्याचं नाव कधी हाताने टाइप करू नका. लोक लिहून घेतात. हे कसं शिकलात, असं कोणी विचारत नाही.

ऑटोमेशनमधली नोंद मी पुसली, पण बोर्डाची स्वतःची नोंद पुसता येत नाही. ती तिथेच आहे. त्या दिवशी सकाळी रकान्याचं नाव कोणी बदललं, माझं नाव, वेळ. कार्ड अकरा वीसला कोणत्या रकान्यात पडलं आणि त्यानंतर हललंच नाही, हेही. कोणीही उघडून बघू शकलं असतं. कोणी बघितलं नाही, कारण मी म्हटलं होतं ना, मी तपासलंय म्हणून. माझ्या शब्दाला वजन होतं. ते मी कष्टाने मिळवलं होतं, आणि ते मी कशासाठी वापरलं ते तुम्ही आत्ता ऐकलंत.

गेल्या महिन्यात कांचनताई भेटल्या. इंदिरानगरच्या भाजीबाजारात, मेथी निवडत होत्या. सोबत त्यांची मुलगी होती, नुकतीच बँकेत लागलेली. मला वाटलं, नजर चुकवून निघावं. त्यांनीच हाक मारली. केस पांढरे झालेत, बाकी तशाच. आता घरीच असतात, म्हणाल्या. माझी चौकशी केली, संदीपची केली, काकांची केली. मग मुलीकडे वळल्या.

"ह्याच मॅडम गं. माझ्याकडून तेवढी मोठी चूक झाली, तेव्हा ह्या उभ्या राहिल्या माझ्यामागे. नाहीतर त्याच दिवशी घरी बसले असते. तुझं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हा."

मुलीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिथे, भाजीच्या गाड्यांमधे, वाकून माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागे घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "सुखी राहा."